नाचणी-चॉकलेट फ्लेक्स : चव पास, पिशवी नापास (पावसाळा ते थंडी वापरून)

आधी निकाल सांगते. पोरं खातात, मागून खातात. तरीही पाचात तीनच तारे, आणि कापलेले दोन्ही तारे आतल्या पिशवीचे.

खोका ३०० ग्रॅमचा, बाहेरून भरपूर सजवलेला. आत ती पांढरट पिशवी, तिला झिप नाही, चिकटपट्टी नाही, काही नाही. वरून फाडायला जावं तर उभी चिरत पार तळापर्यंत जाते. सकाळी पावणेसातला स्कूल व्हॅन खाली हॉर्न मारत असताना ओट्यावरचे फ्लेक्स गोळा करून बघा, मग माझी चिडचिड कळेल. बदामाच्या पाकिटाला झिप येते, मनुकांच्या पाकिटाला येते. १९९ रुपयांच्या या खोक्यालाच काय धाड भरली?

आम्ही भांडुपला राहतो. जुलैत इथे बरणीतलं मीठ पाणी सोडतं. खोक्यावर छापलंय, ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’. पावसाळ्यात मुंबईत अशी जागा मला एकच माहीत आहे, बँकेचा एसी हॉल. रबर लावून झालं, कपड्यांचा चिमटा लावून झाला, दोन-तीन दिवसांत फ्लेक्स सादळलेच. धाकट्याने घास गालात धरून ठेवला. थोरली म्हणाली, “आई, हे पोळीसारखं लागतंय.”

कस्टमर केअरला फोन केला. बॅच नंबर विचारला. तो वरच्या झाकणावर होता आणि झाकण फाडल्याशिवाय खोका उघडत नाही. तुकडे जुळवून फोटो पाठवला, तर उत्तर काय, “मॅडम, उघडलेल्या पाकिटाची तक्रार घेत नाही.” न उघडता सादळलंय हे कसं कळणार, दादा? ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर कळवते म्हटल्यावर आवाज नरमला आणि एक कूपन आलं. चाललं फक्त त्यांच्याच वेबसाइटवर, तेही ४९९ च्या वर खरेदी केली तर. म्हणजे सादळायला आणखी तीन खोके घ्या.

रागाच्या भरात खोक्याची मागची बाजू नीट वाचली. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. इथे मका, मग साखर, मग नाचणी २२ टक्के. समोर मात्र नाचणीचं कणीस आणि ‘कॅल्शियम’ ठळक. १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साधारण ३५० मिलिग्रॅम धरलं, तरी ३० ग्रॅमच्या एका वाटीत नाचणी येते जेमतेम साडेसहा ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम पंचवीसच्या आत. त्यावर ओतलेल्या दीडशे मिली दुधात त्याच्या निदान सहा-सात पट असतं. हाडं मजबूत करायची असतील तर श्रेय म्हशीला द्या.

साखर १०० ग्रॅमला २४, म्हणजे वाटीला सात ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. थोरलीच्या वयाला दिवसाला १,७०० कॅलरी धरल्या तर कडक हिशेबानं एकवीस ग्रॅम झाली. त्यातली एक तृतीयांश सकाळी सातच्या आत संपली, आणि अजून बिस्किट, जॅम, कुणाच्या तरी वाढदिवसाचं चॉकलेट बाकी. शिवाय ३० ग्रॅममध्ये कुठल्या पोराचं पोट भरतं?

इथे मी साखरेसाठीही तारा कापणार होते. म्हणून मध्यंतरी कमी साखरेचे साधे नाचणी फ्लेक्स आणून पाहिले. दुधात पडल्यावर मिनिटभरात लगदा. मग लक्षात आलं की पोरांच्या फ्लेक्सवरचा तो साखरेचा चकचकीत थर नुसता गोडीसाठी नसतो, तो दूध आत शिरायला उशीर लावतो. पोरांना गोडापेक्षा कुरकुरीतपणा हवा असतो, आणि कंपनी तो साखरेतून देते. म्हणून तो तारा परत दिला. पिशवीचे दोन कापलेलेच.

दूध फ्रीजमधलंच घाला. केलॉग्ज १९९४ मध्ये भारतात आलं तेव्हा लोकांनी सवयीनं गरम दूध ओतलं आणि कॉर्नफ्लेक्सचा लगदा झाला, हे मार्केटिंगच्या वर्गात अजून शिकवतात. आमच्याकडे सासूबाई अजून ओततात. “सकाळी गार दूध पोटात? घसा धरेल.”

पण तोडगा काढला त्यांनीच. नागपंचमीच्या आसपास बाजारात ज्वारीच्या लाह्या आल्या, त्यांनी किलोभर आणून कढईत मंद आचेवर परतल्या आणि फ्लेक्समध्ये निम्म्याला निम्म्या मिसळल्या. चव चॉकलेटचीच, साखर अर्धी, आणि खोका दुप्पट दिवस पुरला. धाकट्याला पत्ता लागला नाही. थोरलीला लागला, पण ती खाते. लाह्यांनी पोट मात्र लवकर रिकामं होतं, म्हणून मी वरून भाजलेल्या दाण्यांचं कूट घालते.

सादळलेले फ्लेक्सही असेच परतून वाचवता येतात, पण साखर-कोको चटकन धरतो, एकदा करपला की सगळा घास कडू. आच अगदी बारीक ठेवा, हलवत राहा, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर त्यांच्याच वाफेनं पुन्हा मऊ पडतात. आता खोका घरात आला की लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओततो. खोक्यावरच्या कार्टूनसाठी रडारड होते, म्हणून ते कापून डब्यावर चिकटवलंय.

डिसेंबरपासून गंमत बघा, तोच माल, तीच पिशवी, नुसता चिमटा लावला तरी आठवडाभर कुरकुरीत. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून कॉर्नफ्लेक्स वगैरेंवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि हाच खोका आता १७७ ला मिळतो. पाकिटावर दर ग्रॅमची किंमत छापलेली असते ती बघा, छोट्याला ५९ पैसे, ५०० ग्रॅमच्याला ५३. थंडीत मोठाच घ्या. मेनंतर मात्र ते सहा पैसे वाचवायला जाऊ नका, छोटाच आणा, तोही पोरं घरी असतील त्याच आठवड्यात.