मिनी लेथचा दातेरी बेल्ट: नऊ महिने, तीन बेल्ट आणि दीड मॉड्यूलचा घोळ

सात बाय बारा, सात बाय चौदा इंच अशा मापाच्या मिनी लेथचा (धातू फिरवून कापायच्या लहान यंत्राचा) बेल्ट गेला की तालुक्याच्या बेअरिंगच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "ए चा पाह्यजे की बी चा?" दोन्ही नाही. ते व्ही-बेल्ट (बिनदात्याचे, व्ही आकाराच्या खाचेत बसणारे), थ्रेशरचे आणि पिठाच्या गिरणीचे. सीग कंपनीच्या सी-2, सी-3 आणि त्यांच्यासारख्या कार्बन ब्रशच्या मोटरवाल्या लेथला दातेरी बेल्ट लागतो: 70 दाते, दीड मॉड्यूल, रुंदी साधारण 10 मिमी. सगळा त्रास त्या 'दीड मॉड्यूल'चा आहे.

मॉड्यूल हे गिअरचं माप. त्याला पायने (3.1416) गुणलं की दोन दात्यांमधलं अंतर निघतं, इथे 4.712 मिमी. बाजारात सहज मिळणाऱ्या दातेरी जातींपैकी एक्सएल बेल्ट 5.08 मिमीचा, टी-5 आणि एचटीडी 5एम दोन्ही 5 मिमीचे. म्हणजे दुकानात टांगलेल्या दातेरी बेल्टांपैकी बहुतेक या पुलीवर बसणारच नाहीत.

फसगत होते ती लांबीमुळे. 70 गुणिले 4.712 म्हणजे 329.9 मिमी. आणि 130 एक्सएल 037 हा बेल्ट 330.2 मिमी लांब, 9.5 मिमी रुंद. जुन्या बेल्टला लावून पाहिला तर जुळाच वाटतो, दुकानदारही छातीठोक सांगतो "हाच आहे". पण त्याला दाते 65. प्रत्येक दात्याला 0.37 मिमी फरक पडतो, तिसऱ्या-चौथ्या दात्यापर्यंत तो मिमीच्या वर जातो आणि बेल्ट खाचेत न बसता पुलीच्या डोक्यावर चढतो. हाताने चक (काम पकडणारा फिरता जबडा) फिरवला तरी बेल्ट उचललेला दिसतो. मोटर ओढून ताणून बसवला तर हलक्या कटला थोडा वेळ चालतो, मग दाते सोलून काळा भुगा गिअर कव्हरमध्ये सांडतो. माझ्या पहिल्या बेल्टचं हेच झालं, ते पैसे पाण्यात.

म्हणून दुकानात लांबी सांगू नका, दात्यांचं अंतर मोजून न्या. बेल्ट सपाट फळीवर सरळ करा, व्हर्नियरने एका दात्याच्या कडेपासून अकराव्या दात्याच्या त्याच कडेपर्यंत मोजा. 47.1 मिमी आलं तर दीड मॉड्यूल, 50.8 आलं तर एक्सएल, बरोबर 50 आलं तर टी-5 किंवा 5एम (5एमचे दाते गोलसर, टी-5चे चपटे). बेल्ट तुटलेला असला तरी हे माप निघतं. दाते मोजताना एका दात्यावर खडूची खूण करा, नाहीतर 69 की 71 यात अर्धा तास जातो. आणखी एक: 5एम नावाचा बारीक व्ही-बेल्टही असतो, काही आठ इंची लेथला तो लागतो. फोनवर नुसतं "5एम" म्हटलं तर भलताच हातात पडतो. ब्रशलेस मोटरचं मॉडेल असेल तर वरचे आकडे धरू नका, मोजूनच घ्या.

दुसरा बेल्ट दीड मॉड्यूलचाच, काळा रबरी, ऑनलाइन मागवलेला. तीन महिने चालला. दाते शाबूत होते, पण एका बाजूची कड झिजून दोरे निघाले. दोष बेल्टचा नव्हता. मोटरची पुली दीडेक मिमी आत बसली होती, त्यामुळे बेल्ट सतत एका कडेला घासायचा. दोन्ही पुल्यांच्या तोंडावर स्टीलची पट्टी टेकवली की हे लगेच कळतं. ग्रब स्क्रू (पुली शाफ्टवर धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) ढिला करून पुली सरकवली, विषय संपला.

तिसरा पॉलियुरेथेनचा, आत स्टीलच्या तारा. सहा महिने झाले, रोज दीड-दोन तास, माइल्ड स्टील आणि पितळ. हेडस्टॉकच्या (चक फिरवणाऱ्या डाव्या भागाच्या) ग्रीसने फुगला नाही, कड शाबूत आहे. आवाज रबरीपेक्षा थोडा जास्त, वरच्या स्पीडला बारीक शिटी ऐकू येते. तरी माझं मत याच्याच बाजूने.

बदलायला अर्धा-पाऊण तास लागतो. प्लग काढा, बटण बंद केलं एवढ्यावर हात घालू नका. डावीकडचं गिअर कव्हर उघडा, आड येणारे चेंज गिअर (आटे कापण्यासाठी बदलायचे गिअर) कोणत्या क्रमाने बसलेत त्याचा फोटो काढून मगच सोडा. मोटरचे बोल्ट ढिले करून मोटर दुसऱ्या पुलीकडे सरकवा आणि बेल्ट हाताने चढवा. स्क्रूड्रायव्हर घालून चढवला तर आतली तार मोडते, आणि ते बाहेरून दिसत नाही. ताण असा ठेवा की मधोमध बोटाने दाबल्यावर दोन-तीन मिमी दबेल. गिटारच्या तारेसारखा ताणला तर मोटरचं बेअरिंग तापतं. ढिला राहिला तर पार्टिंग टूल (तुकडा कापून वेगळा करायचं हत्यार) अडकताच दाते उडी मारतात, टक-टक आवाज येतो. आवाज आला की लगेच बंद करा. कव्हर लावण्याआधी ब्रशने पुलीच्या खाचा साफ करा. पितळेचा एक छिलका खाचेत राहिला तर तोच दाता आधी जातो.

रोज आठ तास काम असेल तर दीड मॉड्यूलच्या नादी लागू नका. दोन्ही पुल्या दातेरी एचटीडी 5एमच्या करून घ्या, मग बेल्ट अकोला, अमरावती, नागपूर कुठेही मागता येतो. त्याच्या नंबरातच मिमीमध्ये लांबी असते. पण पुली एक बदलून चालत नाही, दोन्ही लागतात, आणि शाफ्टचं माप व कीवे (पुली घट्ट धरणाऱ्या चावीची खाच) मोजूनच टर्नरकडे जा. हौशी वापराला एवढा खर्च परवडत नाही. त्यापेक्षा दीड मॉड्यूलचे दोन बेल्ट एकदम मागवा, कुरिअरचा खर्च एकदाच पडतो.

जास्तीचा बेल्ट टिनाच्या शेडमध्ये खिळ्याला टांगू नका. मे महिन्यात टिनाखाली रबर कडक होतं आणि खिळ्याच्या जागी कायमची घडी पडते. घडी न घालता गोल ठेवून डब्यात, घरात, धान्याच्या कोठीजवळच्या सावलीत ठेवला तरी चालतो. फक्त उंदीर पाहा.