अधूनमधून बोर्ड करणाऱ्याला किकॅड कसं वाटतं: काही महिन्यांच्या वापरानंतर

पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा छापील बोर्ड. तो आखायच्या सॉफ्टवेअरच्या बहुतेक तुलना रोज तेच काम करणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात. छंद म्हणून कधीतरी एखादा बोर्ड करणाऱ्याचं गणित वेगळं. मधले कित्येक आठवडे कोरडे जातात आणि मग एखादी कल्पना सुचते. तेव्हा जुनी फाइल उघडली पाहिजे आणि कुठलं काम कसं करायचं ते पटकन आठवलं पाहिजे. मी किकॅड हे बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर याच दोन गोष्टींवर जोखलं, आणि आता तेच वापरणार आहे.

आधी फाइलचं बोलतो. ईगल हे हौशी लोकांचं जुनं लाडकं सॉफ्टवेअर. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्कने घेतलं आणि २०२३ मध्ये जाहीर केलं, की ७ जून २०२६ पासून ते बंद. किकॅडची सुरुवात १९९२ मध्ये ज्याँ-पिएर शारास यांनी केली. पुढे सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेने त्याच्या विकासाला मोठा हातभार लावला. ते मुक्तस्रोत आहे, त्यामुळे कुणा एका मालकाच्या निर्णयाने आपलं काम अडकत नाही. ईगलचे प्रोजेक्टही त्यात आयात करता येतात. एक लक्षात ठेवा: नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. दोन संगणकांवर काम करत असाल तर दोन्हीकडे एकच आवृत्ती ठेवा.

आठवण्याचं म्हणाल तर मोजक्या कळांवर भागतं. एक्सने ट्रॅक (तांब्याची वाट) ओढायचा, व्हीने व्हाया (थर जोडणारं छिद्र) टाकायचा, बीने कॉपर झोन (तांब्याचा सलग भाग) भरायचा, एफ८ ने स्कीमॅटिकमधले, म्हणजे सर्किटच्या आकृतीतले, बदल बोर्डावर आणायचे.

नवखा माणूस हमखास अडतो तो ईआरसीपाशी, म्हणजे सर्किटच्या जोडण्यांच्या आपोआप होणाऱ्या तपासणीपाशी. बोर्डाला वीज कनेक्टरमधून येत असेल तर सर्किट बरोबर असूनही तक्रार येते, की पॉवर इनपुट पिनला वीज कुणी पुरवत नाही. कनेक्टरची पिन पॅसिव्ह, म्हणजे स्वतः वीज न पुरवणारी, धरलेली असते, त्यामुळे वीज तिथूनच येते हे सॉफ्टवेअरला कळत नाही. त्या जोडणीवर आणि ग्राउंडवर पॉवर फ्लॅगचं चिन्ह लावलं, की तक्रार जाते.

सिंबलला (आकृतीतल्या चिन्हाला) फुटप्रिंट (बोर्डावरचा त्या भागाच्या पायांचा नकाशा) जोडण्याचं काम मात्र बरंचसं आपल्यालाच करावं लागतं. इझीईडीए या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॅटलॉगमधून भाग निवडला, की दोन्ही एकत्र येतात. एकच बोर्ड पटकन हवा असेल तर मी तेच सुचवेन. पण तयार मिळालं तरी डेटाशीट, म्हणजे त्या भागाचं माहितीपत्रक, उघडाच. बीसी५४७ आणि २एन३९०४ हे दोन्ही ट्रान्झिस्टर टीओ-९२ या एकाच आकाराच्या आवरणात येतात, पण सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले तर पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर, आणि दुसऱ्याचे नेमके उलटे. फुटप्रिंट दोन्हीकडे चपखल बसतं, त्यामुळे हे डीआरसीला, म्हणजे बोर्डाच्या आखणीच्या आपोआप होणाऱ्या तपासणीला, दिसत नाही. कनेक्टर, स्विच अशा भागांसाठी मी बोर्ड मूळ मापात कागदावर छापतो आणि खरा भाग वर ठेवून बघतो. ऑर्डर देण्याआधी हे करायलाच हवं.

किकॅडमध्ये स्वतःचा ऑटोराउटर, म्हणजे ट्रॅक आपोआप ओढणारी सोय, नाही. त्यासाठी फ्रीराउटिंग हे सॉफ्टवेअर वेगळं जोडावं लागतं. मला त्याची गरज भासली नाही. नवा ट्रॅक ओढताना वाटेतले ट्रॅक आपोआप बाजूला सरकतात, आणि दोन थरांच्या छोट्या बोर्डावर हाताने राउटिंग करणं हाच या छंदातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.