बांधल्या जागी गरम, की चालता चालता?

पहाटे मासेमारी बोटीचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन सुरू झालं की पुढे काय करायचं, यावर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे बोट बांधलेलीच ठेवून अर्धा तास स्लोवर चालू द्यायची, तोवर बर्फ आणि जाळी भरून होतात. दुसरं म्हणजे चार-पाच मिनिटांत दोर सोडायचे आणि हलक्या लोडवर इंजिन तापवत बाहेर पडायचं. पहिल्या पद्धतीने मी सहा हंगाम काढले, दुसरीने तीन.

सुरू करण्याआधीची कामं दोन्हीकडे तीच. सेल्फ, म्हणजे स्टार्टर, एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारायचा नाही, मध्ये अर्धा-एक मिनिट सोडायचं. इंजिनने धरलं की आधी ऑइल प्रेशरचा काटा बघायचा. काही सेकंदांत तो उठला नाही तर लगेच बंद. मग थंडाव्याचं पाणी फिरतंय का ते.

बांधून गरम करणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. बंदराच्या तोंडाशी गाळ आहे, ओहोटीला वाट कमी उरते, आणि नेमकं तिथे इंजिन बंद पडलं तर बोट सावरायला वेळच मिळत नाही. अर्धा तास नीट चाललेल्या इंजिनात, डिझेलच्या लाइनीत हवा नाही एवढं तरी कळलेलं असतं. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, ती खात्री हवी असते, आणि ते रास्तच आहे.

मला नको झालं ते धुराड्यामुळे. बंदरात बोटी कुशीला कुशी लावून उभ्या असतात. एके दिवशी शेजारच्या बोटीवरचा खलाशी म्हणाला, "काका, तुमचं धुराडं आमच्या जाळ्यावर थुंकतंय." जाऊन बघतो तर धुराड्याच्या ओठाला डांबरासारखा काळा थेंब लोंबत होता. बोटाला चिकटला, वास कच्च्या डिझेलचा. खाली पांढऱ्या नायलॉनवर रुपयाएवढे डाग, रॉकेलने घासूनही जाईनात. डिझेल फवारणारे नोझल तपासून आणले, ते ठीक होते. पंधरा दिवसांत पुन्हा तेच, आणि पुन्हा मीच माफी मागायला गेलो.

फिटरने कारण सांगितलं ते असं. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. इंजिन रिकामं फिरत असताना डिझेल इतकं थोडं जळतं की सिलिंडर धड तापतच नाही. मग अर्धवट जळलेलं डिझेल, काजळी आणि ऑइल धुराड्यात साठतं, थोडं डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्येही उतरतं. त्यात आमचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत थंडाव्याचं पाणी अडवून धरणारी झडप, आधीच्या मालकाने काढून टाकलेला. अर्ध्या तासानेही तापमानाचा काटा 50 अंशांच्या पुढे जात नसे.

थर्मोस्टॅट नवा बसवला आणि पद्धतही त्याच वेळी बदलली, त्यामुळे फरक नेमका कशाने पडला हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आता असं करतो: पांढरा धूर विरळ होऊन आवाज एकसारखा लागेपर्यंत, म्हणजे चारेक मिनिटं, स्लोवर. मग पाण्याखालच्या पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) दोर-जाळी नाही हे बघून, बांधलेल्या दोरांवरच मिनिटभर पुढचा गियर, मिनिटभर मागचा. लोड घेताना इंजिन दबतंय का, हे जेटीलाच कळतं. तांडेलाची शंका या दोन मिनिटांनी फिटली. त्यानंतर रेस न वाढवता हळू बाहेर. रत्नदुर्गाचा दीपस्तंभ मागे पडेपर्यंत तापमानाचा काटा 70 ओलांडतो, तेव्हा कुठे रेस वाढवायची.

एक दिवस मात्र मीही जुन्याच पद्धतीने जातो. 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारीबंदी संपली की, पहिल्या दिवशी स्टॉपचा दांडा ओढून ठेवून थोडा थोडा सेल्फ मारतो, ऑइलचा काटा हलेपर्यंत. मगच डिझेल देतो, आणि तासभर जेटी सोडत नाही. इतके दिवस उभ्या इंजिनावर त्याच दिवशी विसंबायला माझं मन धजत नाही.

तुमच्या बोटीला थर्मोस्टॅट शाबूत असेल आणि शेजारी कोणाची जाळी नसतील, तर अर्धा तास बांधून ठेवल्याने लगेच काही बिघडेल असं नाही. मी मात्र मागे फिरणार नाही. गेल्या बंदीत धुराडं उतरवलं, तर आत कोरडी, करडी काजळी होती. हाताचं बोट फिरवताच झडून गेली.