ट्रॅफिक स्टॉपला गन जवळ असेल तर: आपणहून सांगायचं की विचारेपर्यंत थांबायचं?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कन्सील्ड कॅरी लायसन्स, म्हणजे कपड्याखाली झाकून गन बाळगायचा परवाना, काढलेल्या आपल्या मंडळींमध्ये हा वाद कायम चालतो. पोलिसानं गाडी बाजूला घ्यायला लावली आणि कमरेला गन आहे, तर आपणहून सांगायचं की तो विचारेपर्यंत गप्प राहायचं? मी दोन्ही करून बघितलंय. 13 जून 2022 च्या आधी इथे लगेच सांगणं सक्तीचंच होतं, नाही सांगितलं तर गुन्हा, त्यामुळे तेव्हा सांगायचो. त्या दिवसापासून कायदा बदलला, आता त्यानं विचारलं तर खरं सांगावंच लागतं पण विचारलंच नाही तर बंधन नाही. मग मीही काही काळ गप्प राहून बघितलं.

एक आधीच सांगतो, हे सगळं सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे. एच-वन-बी किंवा एल-वन या कामाच्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं मुळात गन बाळगताच येत नाही, हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर. आणि ग्रीन कार्डवाल्यांनी सुद्धा लक्षात ठेवा, हत्याराच्या कायद्याखाली दोषी ठरलात तर विषय दंडावर थांबत नाही, इथे राहण्यावर येऊ शकतो.

गप्प राहण्याची बाजू कमजोर नाही, हे मनापासून सांगतो. स्पीडिंगसाठी थांबवलं, लायसन्स इन्शुरन्स बघितलं, वॉर्निंग दिली, जा म्हणाला. गनचा विषयच निघत नाही. सांगितलं की मात्र काही ऑफिसर ती काढून घेतात, सीरियल नंबर तपासतात, गोळ्यांचं मॅगझिन वेगळं करून परत देतात, आणि हे सगळं हायवेच्या कडेला, बाजूनं ट्रक जातायत, मागच्या सीटवर मुलं बघतायत. लोड केलेलं हत्यार रस्त्यावर उगाच कुणीही हाताळू नये, पोलिसानं सुद्धा, असं मला आजही वाटतं. त्यात आपला रंग, आपलं नाव, आपला उच्चार. ‘विचारलं नाही तर कशाला बोला’ असं कुणी म्हणालं तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

शिवाय सक्तीचा जुना कायदा काही फार शहाणा नव्हता. 2011 साली ओहायोतल्याच कॅन्टन शहरात एका लायसन्सवाल्या माणसाला रात्री थांबवलं, तो सांगायचा प्रयत्न करत होता, ऑफिसर त्याला बोलूच देत नव्हता, आणि गन आहे कळल्यावर तोच ऑफिसर जीवे मारायची भाषा करायला लागला. पोलिसाच्या गाडीतल्या डॅशकॅमवर सगळं रेकॉर्ड आहे. वर त्या माणसावरच ‘लगेच सांगितलं नाही’ असा आरोप लावला, जो नंतर रद्द झाला. ते फुटेज बघितलेला माणूस सक्ती नको म्हणाला तर मला पटतं.

मग तरी मी परत सांगण्याकडे का आलो? सीटबेल्टमुळे.

खरंच एवढंच कारण आहे. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो म्हणजे बेल्टचं बक्कल आपल्या उजव्या कमरेला येतं. उजव्या हातानं काम करणारे बहुतेक लोक होल्स्टर, म्हणजे गन ठेवायचं कव्हर, लावतात तेही उजव्याच कमरेला, आणि पाकीटही बऱ्याच जणांचं उजव्या मागच्या खिशात. म्हणजे गप्प बसलेला असताना लायसन्स मागितलं की हात तिकडेच, आणि ‘जरा गाडीतून उतरा’ म्हटलं की बेल्ट सोडायला हात परत तिकडेच, शर्ट वर सरकतो ते वेगळंच. उतरायला सांगायचा अधिकार त्याला आहे, सुप्रीम कोर्टानं 1977 मध्ये पेन्सिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स या केसमध्ये तो मान्य केलाय, आणि त्या केसमध्ये झालं होतं तेही हेच, नंबर प्लेटची मुदत संपली म्हणून थांबवलं, खाली उतरवलं, जॅकेटखाली फुगवटा दिसला, रिव्हॉल्व्हर निघालं.

मला एकदा असंच उतरायला सांगितलं, कारण साधंच होतं, मागचा लाइट दाखवायचा होता. त्यानं गनबद्दल विचारलेलं नव्हतं, मी सांगितलेलं नव्हतं. आणि बक्कलकडे हात न्यायच्या आधी मी तसाच हात वर धरून बसलो, कारण आता सांगावं तर ‘इतका वेळ का नाही बोललास’, न सांगावं तर हात नेमका गनशेजारी जाणार. शेवटी सांगितलं, त्याचा आवाज बदलला, दोन पावलं मागे सरकला, पुढे काही वाईट झालं नाही. पण ती मधली वेळ मला परत नकोय. गप्प राहिल्यावर सांगायची वेळ आपण ठरवत नाही, समोरचा ठरवतो, आणि ती बहुतेक वेळा हात चुकीच्या जागी असतानाच येते.

आता कुणी फिलँडो कॅस्टिलचं नाव काढेल, आणि काढायलाच हवं. 6 जुलै 2016, मिनेसोटा राज्य, असाच ट्रॅफिक स्टॉप, गनचं परमिट होतं, त्यानं स्वतः शांतपणे सांगितलं की माझ्याकडे गन आहे, तरी काही सेकंदांत त्याला गोळ्या घातल्या आणि ज्युरीनं ऑफिसरला निर्दोष सोडलं. सांगणं म्हणजे सुरक्षा, असं मी कुणालाही म्हणणार नाही. त्या माणसाचं काही चुकलं असंही नाही. पण कागद मागितलेले असताना, ते काढायच्या सुमारास गनचं वाक्य आलं की घाबरलेल्या ऑफिसरला काय दिसतं, ते तिथे दिसलं. म्हणून मी सांगतो ते कुठलीही हालचाल सुरू व्हायच्या आधी, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आतला लाइट चालू, काचा खाली. आणि सुरुवात गनपासून नाही, लायसन्सपासून: ऑफिसर, माझ्याकडे कन्सील्ड कॅरी लायसन्स आहे, आत्ता जवळ आहे, उजव्या कमरेला, पुढे काय करू सांगा. मग तो सांगेल तेवढंच. पाकीट मी आता डाव्या खिशात ठेवतो आणि रजिस्ट्रेशन ग्लोव्ह बॉक्समध्ये न ठेवता सन व्हायझरला.

अजून एक, थोडं कोरडं कारण. टोलेडोहून आय-75 नं वर गेलं की मिशिगन, आणि तिथे आजही लगेच सांगणं सक्तीचं आहे, पहिल्याच वेळी 500 डॉलरपर्यंत दंड आणि लायसन्स 6 महिने सस्पेंड होऊ शकतं. टेक्सासमध्ये लायसन्सवाल्यानं आयडी मागितल्यावर गनचं लायसन्सही दाखवायचं असतं. पेन्सिल्व्हेनियात आपणहून सांगायची सक्ती नाही. डेट्रॉइटला नातेवाईक असलेल्या माणसानं प्रत्येक बॉर्डरला सवय बदलत बसावी हे मला तरी जमणार नाही. आणि ओहायोत ऑफिसरनं कॉम्प्युटरवर गाडीची नंबर प्लेट टाकली की बहुतेक वेळा त्याच्या स्क्रीनवर लायसन्स आधीच दिसलेलं असतं, म्हणजे आपण लपवतोय असं आपल्यालाच वाटत असतं, त्याला माहीत असतं.

तुम्ही एकाच राज्यात फिरत असाल, गन कमरेला न ठेवता ट्रंकमध्ये लॉक करून नेत असाल, तर गप्प राहणं तुम्हाला सोयीचं पडेल कदाचित, तिथे माझा आग्रह नाही. कमरेला असेल तर मात्र बेल्ट लावून, गाडी बंद करून, एकदा घरच्या ड्राइव्हवेमध्ये बसा आणि हात कुठे कुठे जातो ते बघा. शेजारी बायकोला किंवा नवऱ्यालाही बसवा, आणि ऑफिसर खिडकीशी आला की बोलणार फक्त ड्रायव्हर हे ठरवून टाका, कारण शेजारून घाईत ‘ह्यांच्याकडे गन आहे’ असं कुणी बोललं तर वर लिहिलेल्या कशाचाच उपयोग नाही.