नजर टिपणारी पट्टी : महिनाभराच्या वापरानंतर

एका पतसंस्थेचा ऑनलाइन कर्ज-अर्ज लोकांना नेमका कुठे अडवतो, हे पाहण्यासाठी आम्ही मॉनिटरच्या खालच्या कडेला बसवायचा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० नोंदी घेणारा, आय ट्रॅकर महिनाभर भाड्याने घेतला होता. हे यंत्र डोळ्यांवर अवरक्त प्रकाश टाकते आणि बाहुलीचा मध्य व डोळ्याच्या पृष्ठभागावर चमकणारा ठिपका यांच्यातील अंतरावरून नजर पडद्यावर कुठे आहे ते काढते. वाचताना नजर एका जागी साधारण २०० ते ३०० मिलिसेकंद टेकते; दर १६.७ मिलिसेकंदांना एक नोंद मिळत असल्याने एवढ्या कामाला हा वेग पुरतो.

खरी अडचण अचूकतेची आहे. माहितीपत्रकात नजरेच्या कोनातील चूक अर्ध्या अंशाचीच असल्याचा दावा असला तरी आमच्याकडे चूक एका अंशापर्यंत जात होती. ६५ सेंटिमीटरवरून एक अंश म्हणजे पडद्यावर सुमारे ११ मिलिमीटर, आणि आमच्या अर्जातील दोन ओळींमध्ये अंतर होते ९ मिलिमीटर. त्यामुळे समोरची व्यक्ती ‘जामीनदाराचे नाव’ वाचते आहे की खालचे ‘नाते’, हे छातीठोकपणे सांगता येईना. शेवटी चाचणीपुरत्या ओळी एकमेकींपासून लांब केल्या. म्हणजे ज्या पानाची परीक्षा घ्यायची, तेच बदलावे लागले. दाट काजळ लावलेल्या एका ताईंची बाहुली तर यंत्राला सापडतच नव्हती. भारतात विकल्या जाणाऱ्या यंत्राच्या पुस्तिकेत काजळाचा उल्लेखही नसावा, याचे नवल वाटले.

सोबतच्या सॉफ्टवेअरमधील हीटमॅप, म्हणजे जिथे नजर जास्त टेकली ती जागा लाल दाखवणारे चित्र, दिसायला देखणा आहे आणि बैठकीत तोच सर्वांना आवडतो. व्याजदरावर लालभडक डाग पाहून व्यवस्थापक खूश झाले; लोकांना दर पसंत पडला, असा त्यांनी अर्थ लावला. मात्र नजरेचा मार्ग दाखवणारे चित्रण त्याच ग्राहकांसमोर पुन्हा चालवले, तेव्हा एक काका म्हणाले, “द.सा.द.शे. म्हणजे महिन्याला का वर्षाला, तेच शोधत होतो.” हे चित्रण कोणत्याही क्षणी थांबवून विचारता येते, आणि माझ्या मते भाड्याचे पैसे या एका सोयीतच वसूल होतात.

विकत घेण्याची घाई करू नये. भाड्याने घेतल्यास प्रत्येकाच्या कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे यंत्र त्याच्या डोळ्यांशी जुळवून घेण्यासाठी, दहा मिनिटे राखून ठेवावीत, आणि प्रोग्रेसिव्ह (वरच्या भागातून लांबचे, खालच्या भागातून जवळचे दाखवणारा) चष्मा वापरणाऱ्यांसाठी त्याहून अधिक. ते हनुवटी वर करून वाचतात आणि दर वेळी नोंद तुटते.