पसारा की न ऐकणं? दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी कोणता उपाय निवडावा

आधी एक ठरवून टाका: तुमचं भांडण पसाऱ्याशी आहे की न ऐकण्याशी? आपण दोन्हींसाठी एकाच दमात ओरडतो, म्हणून ते एकच वाटतं. पसारा हा जागेचा आणि सवयीचा प्रश्न. “हो, आवरतो” म्हणून तासभर जागचं न हलणं हे वेगळंच प्रकरण. एकावर लागू पडणारा उपाय दुसरं बिघडवू शकतो.

त्यात मुंबईची अडचण. मुलाच्या खोलीचं दार लावून घ्या आणि आत बघूच नका, असा एक सल्ला हमखास मिळतो. वन बीएचकेत कुठलं दार लावणार? हॉलमधला दिवाण हाच त्याचा पलंग, तेच अभ्यासाचं टेबल, आणि त्याच्याच एका कडेला बसून आजोबा सातच्या बातम्या बघणार. जुलैत तर काणाडोळा परवडतच नाही. शुक्रवारी दप्तरात कोंबलेला ओला पीटीचा टी-शर्ट सोमवारी बाहेर काढला तर कुबट वास येतोच, वर कॉलरवर बुरशीचे काळे ठिपके, जे घासूनही जात नाहीत. शेजारी उष्टा डबा असेल तर मुंग्यांची रांग बोनस.

सतत सांगत राहणं की स्वतःच आवरून टाकणं

बहुतेक घरांत हे दोन्ही आलटून पालटून चालतं. सांगत राहण्याने मुलाला एवढंच कळतं की पाचव्या हाकेपर्यंत उठायची गरज नाही. स्वतः आवरलं की घर दहा मिनिटांत चकाचक. पण मग आवरणं हे आईचं किंवा बाईंचं काम, हा समज पक्का होतो, विशेषतः मुलग्यांचा. पाहुणे दारात उभे असतील तेव्हा दुसरा मार्ग घ्या, एरवी दोन्ही सोडा.

बक्षीस की मोबाइल जप्त

बक्षिसाविरुद्ध १९७३ मधला एक प्रयोग नेहमी सांगतात. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना चित्रासाठी प्रशस्तिपत्रक कबूल केलं, आणि नंतर मोकळ्या वेळेत ती मुलं आधीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. पण तिथे मुळात आवड होती. कपड्यांच्या घड्या घालायची आवड कुणाला असते? तेव्हा ती भीती इथे फारशी लागू नाही. खरी डोकेदुखी घासाघिशीची. आज दप्तर जागेवर ठेवायचे दहा रुपये, उद्या बाटल्या भरायचे किती? पहिले काही आठवडे सवय लागेपर्यंत बक्षीस ठीक, तेही पैशांऐवजी रविवारचा बेत निवडण्याचा हक्क.

मोबाइल काढून घेणं जरबेचं वाटतं, पण टिकत नाही. गृहपाठ शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, आणि आई-बाबा दोघंही लोकलमध्ये अडकलेले असताना पोर घरी पोचलं का, हे त्याच फोनवर कळतं. सातपर्यंत आपणच तो परत देतो. शिवाय मोबाइलचा आणि मोज्यांचा संबंध काय, हा मुलाचा प्रश्न रास्त आहे.

परिणाम भोगू देणं की जागा वाटून घेणं

खरी निवड या दोनांत आहे.

परिणामांचा नियम साधा: बादलीत टाकलेले कपडेच धुतले जातील. पांढरा युनिफॉर्म दिवाणाखाली राहिला तर तोच मळका घालून जायचं. हे काम करतं, कारण ओरडायला कुणी नसतं. पण डायरीत शेरा येईल, कदाचित शाळेतून फोन, आणि तो तुम्हालाच ऐकावा लागेल. आयत्या वेळी इस्त्री करून देणार असाल तर सुरूच करू नका. अन्न आणि ओले कपडे मात्र या नियमात कधीच घालू नका. झुरळं काही फक्त त्याच्याच दप्तरात राहत नाहीत.

जागावाटप मला लहान घरासाठी अधिक पसंत आहे. एक मोठा प्लॅस्टिकचा क्रेट आणि कपाटाचा एक कप्पा, हे त्याचं राज्य. आत काय अवस्था आहे यावर चकार शब्द काढायचा नाही, उघडून बघायचंही नाही. या वयात थोडा आडोसा लागतोच. बाहेरचा हॉल सगळ्यांचा. रात्री नऊनंतर जे बाहेर पडलेलं दिसेल ते मुकाट्याने क्रेटमध्ये. सकाळी साडेसहाला कंपासपेटी त्याची त्याने शोधायची. किंमत एवढीच, की क्रेट अत्यंत विद्रूप दिसतो.

न ऐकण्याचं काय?

इथे वरचं काहीच पुरत नाही, सांगण्याची पद्धत बदलावी लागते. नियोजन करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. “आवर जरा” हे आपल्याला एक काम वाटतं, त्याला त्याची सुरुवातच सापडत नाही. स्वयंपाकघरातून ओरडण्यापेक्षा जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एकच काम सांगा: “मोजे बादलीत.” गेम चालू असेल तर “ही मॅच संपली की” असं ठरवा आणि संपेपर्यंत तिथेच थांबा.

तरीही लक्ष लागत नसेल, शाळेतूनही हेच ऐकू येत असेल आणि हे लहानपणापासून असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी कान तपासून घ्या आणि एडीएचडीबद्दल (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) डॉक्टरांशी बोला. केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

काहीही निवडलंत तरी आजीला आधी विश्वासात घ्या. ती दुपारी गुपचूप सगळं आवरून ठेवत असेल, तर क्रेट कायम रिकामाच राहील.