पेंचजवळच्या आमच्या घराची वेबसाइट: गूगल साइट्स वापरून बघितल्यावर

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटकडे आमचं जुनं घर आहे. दोन खोल्या, पडवी, मागे मोहाचं मोठं झाड. आम्ही राहतो नागपुरात, प्रतापनगरला. घर सांभाळतात ते गावातले काकाजी, आणि चुलीकडचं सगळं काकूंच्या हाती. पाहुण्यांना घर द्यायला लागलो तशी वेबसाइटची गरज पडली. शहरातल्या एका वेबसाइटवाल्याने पंचवीस हजार सांगितले, वर दरवर्षीचा मेंटेनन्स वेगळा. दोन खोल्यांच्या कमाईत हे बसत नाही. म्हणून गूगल साइट्स या गूगलच्या वेबसाइट बनवायच्या फुकट साधनावर घरीच वेबसाइट केली, आणि अख्खा सीझन वापरून झाल्यावर हे लिहिते आहे. दोन-तीन खोल्यांचं घर देणाऱ्यांनी डोळे मिटून घ्यावं असं हे साधन आहे.

जीमेलचं खातं असलं की झालं, वेगळे पैसे नाहीत. चित्रं, मजकूर, नकाशा, फॉर्म, कॅलेंडर जागेवर ओढून ठेवायचं आणि ‘पब्लिश’ दाबायचं. कोडिंग नाही, जाहिराती नाहीत, आणि पत्त्याआधीचं सुरक्षिततेचं कुलूप आपोआप मिळतं. फोटो आधी लहान करून घ्यावेत. जंगलाकडच्या नेटवर जड पान उघडत नाही. मराठीसाठी ‘मुक्ता’ हा फॉन्ट निवडला. जोडाक्षरं स्वच्छ दिसतात, सासूबाईंनाही चष्म्याशिवाय वाचता आलं.

सगळ्यात जास्त मेहनत मी ‘कसे याल’ या पानावर घेतली, आणि तेच पान सगळ्यात कामाचं ठरलं. नकाशा तिथे आहेच, पण पवनीहून डावीकडे वळून जंगलाच्या रस्त्याला लागलं की मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. म्हणून नकाशाखाली साधी वाक्यं लिहिली: कामठी, कन्हान, मनसर करत जबलपूर हायवेने पवनीपर्यंत या. पेट्रोल आणि रोख रक्कम हायवेवरच बघून घ्या. डावं वळण घ्या, पुढे गाडी हळू ठेवा, चितळं आडवी येतात. प्रत्येक वळणाचा फोटो काकाजींनी स्वतः उभं राहून काढला, गाडीतून दिसतो तसा, समोरून. हातपंपाचा फोटो आहे, शाळेच्या भिंतीचा आहे, आमच्या फाटकाचा आहे. ‘निघण्याआधी या पानाचा स्क्रीनशॉट घ्या’ हे वर ठळक अक्षरांत आहे. आधी संध्याकाळी पाहुणे रस्त्यातून फोन करून राहायचे आणि काकाजी टॉर्च घेऊन वळणावर उभे असायचे. आता लोक सरळ फाटकाशी येऊन थांबतात.

दुसरं पान सफारीचं. पुण्या-मुंबईच्या, हैदराबादच्या पाहुण्यांना वाटतं की घर घेतलं म्हणजे सफारी आलीच. तसं नसतं. सफारीचं बुकिंग वनविभागाच्या वेबसाइटवर, ज्याच्या-त्याच्या नावाने आणि ओळखपत्राने होतं, आणि तेच ओळखपत्र गेटवर दाखवावं लागतं. पावसाळ्यात कोअर म्हणजे जंगलाच्या गाभ्याचा भाग बंद असतो. हे सगळं पानावर आहे, खाली वनविभागाच्या वेबसाइटचं बटण आहे. खोटी आशा दाखवून खोली विकायची नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे.

कॅलेंडरचं मात्र मला मनापासून कौतुक आहे. घराच्या नावाने वेगळं गूगल कॅलेंडर केलं, त्यात भरलेल्या तारखा टाकल्या आणि ते पानात बसवलं. सार्वजनिक करताना ‘फक्त मोकळं की भरलेलं’ एवढंच दिसेल असा पर्याय निवडायचा, नाहीतर पाहुण्यांची नावं जगाला दिसतील. त्याच्या शेजारी दुसरं कॅलेंडर बसवलं, अमावास्यांचं. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली आकाश बघायची जागा, म्हणून मान्यता मिळाली. तेव्हापासून दुर्बिणी घेऊन येणारी मंडळी वाढली आहेत. त्यांना वाघापेक्षा अंधार हवा असतो. अमावास्या आणि मोकळी खोली एकाच पानावर दिसली की त्यांचा निर्णय तिथेच होतो. अशा पाहुण्यांसाठी काकाजी अंगणातला दिवा बंद ठेवतात आणि काकू जेवण लवकर उरकतात. तेही पानावर लिहिलं आहे.

चौकशीला गूगल फॉर्म आहे: तारखा, माणसं, लहान मुलं, शाकाहारी की मांसाहारी. फॉर्मच्या ‘रिस्पॉन्सेस’ टॅबमध्ये ईमेलची सूचना चालू करावी लागते, नाहीतर उत्तरं शीटमध्ये पडून राहतात. पण खरं सांगायचं तर बहुतेक लोक व्हॉट्सॲपचंच बटण दाबतात. त्या लिंकमध्ये नंबराआधी ९१ लिहायचं, अधिकचं चिन्ह किंवा शून्य लावायचं नाही. यूपीआयचा क्यूआर मी पानावर ठेवला नाही. तारीख बोलून पक्की झाली की मगच पाठवते. पैसे आधी आले आणि खोली भरलेली निघाली तर पाहुण्याचा विरस होतो, तो मला नको.

उणिवा आहेत, त्या माहीत असाव्यात. ऑनलाइन पैसे घेणारी बुकिंगची यंत्रणा यात नाही. गूगलच्या शोधात नावाखाली दिसणारं दोन ओळींचं वर्णन आपल्या मनाने लिहायची सोय नाही, म्हणून पहिल्या परिच्छेदातच घर, पेंच, सिल्लारी, नागपूर हे शब्द यायला हवेत. मांडणीचे नमुने मोजके आहेत. आणि नुसती वेबसाइट केली म्हणून कोणी शोधत येत नाही. गूगलचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल नकाशावर दिसणारी घराची नोंद, वेगळं करावं लागतं, तेही फुकट आहे, आणि आमच्याकडे नवीन माणूस बहुतेक नकाशावरूनच वेबसाइटवर येतो. या प्रोफाइलसोबत पूर्वी एक आयती छोटी वेबसाइट मिळायची, ती मार्च २०२४ मध्ये बंद झाली. अजून तिचाच पत्ता छापलेली व्हिजिटिंग कार्डं वाटणारे होमस्टेवाले मला भेटतात. त्यांनी तर हे आजच करावं.

फुकटचा पत्ता लांबलचक येतो, फोनवर सांगता येत नाही. म्हणून स्वतःचं डॉट इन डोमेन, म्हणजे वेबसाइटचा छोटा पत्ता, विकत घेतलं. आमचा खर्च तेवढाच. पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नये, दुसऱ्या वर्षापासूनचा नूतनीकरणाचा दर बघावा, तो बहुधा जास्त असतो. पत्ता जोडताना मालकी सिद्ध करायला एक टीएक्सटी नोंद (ओळखीचा मजकूर) आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी एक सीनेम नोंद (पत्ता गूगलकडे नेणारी) डोमेनवाल्याच्या पानावर टाकावी लागते. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लिहिताही वेबसाइट उघडावी म्हणून फॉरवर्डिंग, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप वळवणं, लावून घ्यावं. हे काम माझ्या भाच्याने केलं. ज्याला जमत नाही त्याने कॉलेजातल्या एखाद्या पोराला बसवावं, पण डोमेन आणि जीमेल दोन्ही आपल्याच नावावर आणि आपल्याच मोबाइल नंबरवर असावं. ओळखीतल्या एका रिसॉर्टचं डोमेन एजन्सीने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. भांडण झालं तेव्हा पत्ताही गेला आणि त्यावर चालणारे ईमेलही गेले. चांगल्या माणसांचं नुकसान झालं, अजून वाईट वाटतं.

भाव, जेवण आणि पैसे परतीचे नियम एका पानावर आहेत. काकूंच्या गोळाभाताचा आणि पाटवडी-रश्श्याचा फोटो तिथे आहे, पितळी ताटातला, खिडकीच्या उजेडात काढलेला. परतीच्या नियमाचं वाक्य बदललं की पुन्हा ‘पब्लिश’ दाबावं लागतं, तोवर लोकांना जुनंच दिसतं. दर बदलताना हे लक्षात ठेवा.

दहा-बारा खोल्या असतील, रोज रात्री वेगळा दर लागत असेल, तर पैसे मोजून बुकिंगची पूर्ण यंत्रणा घ्यावी, तिथे हे पुरणार नाही. आमच्यासारख्यांनी एक रविवार काढावा. लॅपटॉपवर पान बांधावं, पण प्रिव्ह्यू फोनचा बघावा, कारण पाहुणा ते फोनवरच उघडणार आहे. ऑक्टोबरात गेटं उघडायच्या आधी इंग्रजी पानांचंही काम आम्ही हाती घेतो आहोत. रस्त्याचे फोटो तेच राहतील, फक्त पवनीच्या वळणाचा नवा काढायचा आहे.